वर काच आहे

पडदा वर जातो तेव्हा एकही दिवा लागलेला नाही, आणि तरी उजेड आहे. हिरवट, दुधाच्या सायीसारखा दाट, वरून गाळून आलेला उजेड. नाटकगृहाच्या तळघरातली ही शिवणखोली. अकरा मशीनं दोन रांगांत, मधे कापणीचं लांबलचक टेबल, आणि भिंतीला टांगलेले राजे, शिपाई, नवऱ्या, भिकारी, सगळेच्या सगळे बिनडोक्याचे, हँगरवर हळूहळू झुलणारे. कोपऱ्यात इस्त्रीची वाफ वर चढतेय. ती जिथे जाऊन थांबते तिथे छत आहे, आणि ते छत काचेचं आहे.

काच म्हणजे खिडकीची पातळ काच नव्हे. वीतभर लांब, वीतभर रुंद आणि चार बोटं जाड असे ठोकळे, लोखंडी चौकटीत बसवलेले. एका ओळीत नऊ, अशा चाळीस ओळी. ज्यानं कुणी ही इमारत बांधली त्याला तळघरात दिवसा दिवे जाळायचे नव्हते, म्हणून त्यानं वरच्या ऑफिसच्या व्हरांड्याची जमीनच काचेची केली. वरच्यांना चालायला जमीन झाली, खालच्यांना उजेड मिळाला, बांधणारा पुण्य घेऊन निघून गेला.

खालून वर पाहिलं की एक गंमत दिसायची. जोड्यांचे तळ काचेला टेकले की लख्ख दिसत. टाचेचा खिळा, झिजलेली कड, चिकटलेलं तिकीट, सगळं. पण त्या तळांच्या वर जो माणूस असायचा तो मात्र नुसता ढग. करडा, निळा, कधी तांबूस. ढग यायचे, थांबायचे, एकमेकांशी बोलायचे आणि निघून जायचे. दुपारी तीनच्या सुमारास वरच्या खिडक्यांतून ऊन सरळ आत आलं की टेबलावरच्या कापडावरून सावल्यांची पावलं चालत जायची. नवी आलेली बाई पहिल्या आठवड्यात दचकायची. मग तीही त्यात विरघळून जायची. पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या जिवांना डोक्यावरून बदकं पोहत गेली तर त्याचं काय एवढं?

टेबलाच्या डाव्या टोकाला, ओठांत पाच टाचण्या धरून उभी आहे ती आपली नायिका. अंगानं काटकुळी, उंच, मान किंचित पुढे. दिवसभर ओठांत टाचण्या, म्हणून बोलणं कमी, आणि बोलायचं झालं तर आधी टाचण्या काढून मनगटाच्या गादीला टोचायच्या, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मग तोंड उघडायचं. तेवढ्या वेळात निम्मी भांडणं मिटलेली असत. सगळे तिला टाचणीताई म्हणत. दाराजवळच्या मशीनवर बसणारी तिची मैत्रीण म्हणजे भोंगा. तिच्या तोंडाला टाचण्याच काय, दार लावलं असतं तरी ते बंद राहिलं नसतं.

टाचणीताईला या खोलीत बावीस वर्षं झाली होती. पहिली चार वर्षं काज-बटणं, पुढची तीन अस्तरं, आणि त्यानंतर कापणी. कापणी हे खरं म्हणजे मुख्य मास्टरचं काम. मुख्य मास्टरची खोली वर, व्हरांड्याच्या टोकाला, मोठ्या खिडकीची. नटांची मापं तो घ्यायचा, कागदावर उतरवायचा, आणि कागद सामानाच्या लिफ्टमधून खाली यायचा. कापड खाली कापलं जायचं, खालीच शिवलं जायचं. शेवटी कॉलरच्या आत एक पांढरी फीत लावायची, तिच्यावर लाल दोऱ्यानं नाव भरलेलं असायचं मुख्य मास्टरचं. नाटकगृहाची रीतच तशी. टाचणीताईनं तीन मास्टरांच्या नावाच्या फिती लावल्या होत्या, आणि तिन्ही मास्टरांच्या नावाखालचे कपडे तिनेच कापले होते.

तिचं एक गुपित होतं, तसं खोलीला ठाऊकच असलेलं. मापाचा कागद ती वाचायची, घडी करून खिशात टाकायची, आणि मग दोनतीन दिवस मान वर करून छताकडे पाहत राहायची.

"काय गं, देव दिसतोय का?" भोंगा विचारायची.

टाचण्या निघायच्या. "राजा दिसतोय. उजव्या टाचेवर भार देतो. त्याला पाठीत सैल ठेवायला हवं."

"आणि राणी?"

"राणीचे जोडे एक नंबर लहान आहेत. बिचारी. तिचा झगा जरा वर उचलते, निदान पायात तरी अडकायला नको."

असं सगळं. कुठला तळ कुणाचा हे तिला पाठ होतं. माणूस कागदासाठी उभा राहतो तो छाती काढून, श्वास धरून. चालतो तेव्हा खरा असतो. ती हे कुठे शिकली नव्हती. बावीस वर्षं मान वर करून पाहता पाहता ते तिच्या हातात उतरलं होतं. तिचे कोट नटांच्या अंगावर स्वतःहून चालतात, असं म्हणत. मास्टर म्हणायचे, "माझं माप!" आणि खरंही वाटायचं त्यांना.

मग एका सकाळी म्हातारे मास्टर, तिसरे, स्वतः खाली आले. ही गोष्टच नवलाची. मधल्या टेबलाला हात टेकून म्हणाले, "मुलींनो, मी आता थांबतो. डोळे गेले."

मुली म्हणजे सरासरी पंचेचाळीस वयाच्या अकरा बायका. कुणी डोळ्याला पदर लावला, कुणी खुर्ची दिली. ते पुढे म्हणाले, "जागा भरायची आहे. अर्ज दोनच घेतलेत. एक चष्मेवाल्याचा." चष्मेवाला म्हणजे पलीकडच्या टोकाला काम करणारा पस्तिशीतला कारागीर. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा कात्री उलटी धरायचा. ती सुलटी कशी धरायची ते टाचणीताईनं शिकवलेलं. "आणि दुसरा..." मास्टर तिच्याकडे पाहत म्हणाले, "दुसरा तुझा घातलाय मी. विचारलं नाही. रागावू नकोस."

टाचण्या ओठांतच राहिल्या. तिला काढायचं सुचलंच नाही.

"हात्तिच्या!" भोंगा ओरडली. "मग आता परीक्षा कसली? त्या बिचाऱ्या पोराला उगाच घाम."

"मलाही तेच वाटतं," चष्मेवाला म्हणाला आणि खरोखर घाम पुसायला लागला.

परीक्षा साधी होती. नव्या नाटकातल्या मुख्य नटाचा लांब काळा कोट. एकच मापाचा कागद, एकच कापड, दोघांनी दोन कोट करायचे. पंधरा दिवसांनी वर मंडळासमोर ठेवायचे. ज्याचा चांगला त्याची खोली.

घर दोन खोल्यांचं. त्यात टर्पेंटाइनचा वास कायमचा मुक्कामाला, कारण नवरा पाट्या रंगवणारा. वरच्या खोलीच्या दारावरच्या तिन्ही मास्टरांच्या पाट्या त्यानेच रंगवल्या होत्या. त्या संध्याकाळी ती आली तर तो खिडकीशी पुठ्ठा घेऊन बसला होता आणि पहिल्या अक्षराची वेलांटी पुन्हापुन्हा काढत होता.

"अहो, हे काय?"

"सराव."

"कसला?"

"तुझ्या नावाचा. दुकानांची नावं रंगवली, दवाखान्यांची रंगवली, 'कुत्र्यापासून सावध' तर किती वेळा. हे कधी रंगवलंच नव्हतं. सोपं नाही हं. मधलं अक्षर फार जागा खातं."

"अजून काही ठरलेलं नाही."

"रंग वाळायला वेळ लागतो," तो मान खाली घालून म्हणाला.

टेलिफोन ऑफिसात काम करणारी लेक आतून ओरडली, "आई, वर गेलीस की आम्हाला ओळख दाखव हं!" तिघेही हसले. पण अंथरुणावर पडल्यावर तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर ती मोठी खिडकी आली. तिनं ती कधी पाहिली नव्हती. शिवणखोलीच्या बायकांचा जिना मागच्या गल्लीत उघडायचा, व्हरांड्यावर जायचं त्यांना कारणच पडत नसे. तरी खिडकी दिसली. खिडकीत सकाळ होती, आणि खिडकीपुढच्या टेबलावर कापड पसरलं होतं, त्याचा खरा रंग दिसत होता. तळघरात निळं कापड हिरवं दिसतं आणि पांढरं पाण्याच्या रंगाचं. बावीस वर्षं तिनं रंग अंदाजानं ओळखले होते. तिला अधिकार नको होता की रुबाब नको होता. तिला एकदा निळं कापड निळं पाहायचं होतं, आणि आपण कापलेल्या कोटात आपली फीत लावायची होती. एवढंच. पण एवढं तिनं कधी कशासाठी मनात धरलं नव्हतं.

कागद आला. छाती, कंबर, खांदा, बाही चोवीस इंच, दोन्ही. तिनं घडी करून खिशात टाकला आणि मान वर केली.

तो नट मोठा देखणा. भरदार आवाज, सरळ पाठ, रंगमंचावर आला की मागच्या रांगेतले लोकही नीट बसत. पहिल्या दिवशी तिला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बरीच माणसं होती, तो त्यांच्याबरोबर चालत गेला. पावलं मोजूनमापून टाकलेली, एकसारखी. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, तो व्हरांड्यात एकटाच आला. संवाद पाठ करत असावा. आणि एकटा आहे म्हटल्यावर त्याचं चालणं सुटलं. उजवा तळ काचेवर पूर्ण टेकत होता. डावा टेकायच्या आधीच उचलला जात होता, बाहेरच्या कडेनं घासत. चार पावलं झाली की तो थांबायचा. काचेवर फक्त उजवा तळ असायचा. डावा हवेत कुठेतरी विसावलेला.

टाचणीताईच्या हातातला खडू तसाच राहिला.

लंगडतो. कधीतरी पडलाय, जुनं आहे. आणि कुणालाही ठाऊक नाही. चारचौघांत पावलं मोजून टाकतो, आणि तोल जाऊ नये म्हणून, विंगेतून दिसायचा तसा, डावा हात जास्त झुलवतो. लोक म्हणतात, काय ऐट आहे चालण्यात! ती ऐट नव्हती. ते दुखणं होतं, आणि त्यानं ते इतकी वर्षं ऐटीच्या आत शिवून टाकलं होतं, अस्तरासारखं.

तिनं कोट कापला. डावी बाही अर्धा इंच लांब ठेवली, डाव्या मुंढ्यात सैल दिलं, घेर डावीकडे जरा जास्त, म्हणजे पाय तोकडा पडला तरी कोटाची कड जमिनीला समांतरच राहील. कोटच लपवील सगळं. शिवताना तिला वाटत होतं की आपण माणसाच्या झोपेला हात लावतोय. जाग येऊ न देता पांघरूण सारखं करतोय.

पंधराव्या दिवशी ती वर गेली. नवऱ्यानं जोडे पुसून दिले होते.

व्हरांड्यावर पहिलं पाऊल टाकताना ती थबकली. खाली भोंगा असेल, खाली दहा जणी माना वर करून असतील. त्यांच्या डोक्यावर पाय कसा द्यायचा? मग तिनं खाली पाहिलं आणि तिला काहीच दिसलं नाही. करडे, मळके चौकोन. वर्षानुवर्षांच्या जोड्यांनी घासून आंधळे झालेले. वाकून पाहिलं, तर खिडकीतलं आभाळ आणि स्वतःचं धूसर नाक. मशीनांचा आवाजही नाही. ती काच काच वाटतच नव्हती. जमीन होती ती, कुठल्याही ऑफिसात असते तशी.

बावीस वर्षं ती सकाळी केस नीट करून बसायची. वरून कुणी पाहिलं तर?

मॅनेजरच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून ती मनाशीच हसली. हसू ओठांवर आलं आणि तिथेच विझलं.

मंडळ म्हणजे तिघे. मॅनेजर, म्हातारे मास्टर, आणि जाड फाईल घेऊन बसलेले एक गृहस्थ. दोन्ही कोट टेबलावर पसरलेले. फाईलवाल्यांनी टेप काढली आणि चष्मेवाल्याचा कोट मोजला. सगळं कागदाबरहुकूम. मग तिचा.

"उजवी बाही चोवीस. डावी..." त्यांनी पुन्हा मोजलं. "साडेचोवीस. बाई, हा अर्धा इंच?"

"मुद्दाम ठेवलाय, साहेब."

"मुद्दाम? का बरं?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो लंगडतो म्हणून. ते वाक्य जिभेवर आलंही. पण ते बोललं की ते या खोलीचं होणार, मग ऑफिसचं, मग शहराचं. लंगड्या नायकाला नायकाचं काम कोण देणार? तिच्या ओठांत तेव्हा एकही टाचणी नव्हती. तरी तिनं ओठ घट्ट मिटले, आणि उघडले तेव्हा म्हणाली, "अंगावर घालून बघा. कळेल."

"ते आज आलेले नाहीत. आणि घालूनच बघायचं तर मग मापाचा कागद कशाला?"

"कागदासाठी माणूस उभा राहतो, साहेब. नाटकात तो चालतो."

"सगळेच चालतात हो. मीही चालतो. माझ्या कोटाच्या बाह्या सारख्याच आहेत!" फाईलवाले हसले, मॅनेजरही हसले. तिनं त्यांच्या बाह्यांकडे पाहिलं. सारख्या नव्हत्या.

म्हातारे मास्टर खोकले. "हात फार चांगला आहे हो तिचा," ते म्हणाले. "पण आजवर वर कुणी बाई..." आणि वाक्य तसंच सोडून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर निदान वाचून भांडता तरी आलं असतं.

"चूक म्हणजे चूक," मॅनेजर हळू आवाजात, खरोखर वाईट वाटून म्हणाले. "मन लावून काम करता तुम्ही. खाली तुमच्याशिवाय चालायचं नाही."

खाली निकाल आधीच कळला होता. तिचे तळ वरून जाताना बोटांवर चालत गेले होते. परत येताना टाचा आधी टेकत होत्या. दोनदा एकाच ठोकळ्यावर बराच वेळ थांबल्या. भोंगानं मशीन बंद केलं होतं.

टाचणीताई आली, जागेवर उभी राहिली, खडू घेतला.

"बोल ना गं! काय झालं? काय म्हणाले मेले?"

"काही नाही. वर काच आहे."

"काच तर आहेच! मी काय आंधळी आहे? रोज बघतेय."

"रोज बघतेस ना? मग तेच." तिनं मान वर केली. एक निळा ढग डोक्यावरून निघून गेला. "सिमेंटचं छत असतं तर मान कुणी वर केलीच नसती. काच आहे म्हणून उजेड दिसतो, माणसं दिसतात, वाटतं हात लांब केला की झालं. हात लांब केला की मग कळतं. आणि गंमत सांगू? वरून ती दिसतच नाही. त्यांना विचारलंस तर म्हणतील, काच? कसली काच?"

एकेक करत दहाही जणींनी माना वर केल्या.

जगात हा शब्दप्रयोग पहिल्यांदा कुणी केला, कुठल्या सभेत, कुठल्या पुस्तकात, ते विद्वानांनी शोधावं. त्या इमारतीत तो असा, मंगळवारी दुपारी सव्वातीनला जन्माला आला. भोंगाच्या समोर जन्मलेली गोष्ट तळघरात किती राहणार? संध्याकाळपर्यंत तो तिकीटखिडकीवर पोचला. तिथल्या बाईला अकरा वर्षं हेडक्लार्क करतो करतो म्हणत होते, ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे आमच्याकडेही काचच की!" आठवड्यात तो झाडूवाल्यांकडे, प्रकाशयोजनावाल्यांकडे गेला. टाचणीताईच्या लेकीनं तो टेलिफोन ऑफिसात नेला. तिथल्या मुलींनी ही काच, हे तळघर, हे जोड्यांचे तळ कधीच पाहिले नव्हते, तरी कुणाची बढती अडकली की त्या कानावरचा हेडफोन सरकवून एवढंच म्हणायच्या, "वर काच." पुढच्या मुलीला जास्त सांगावं लागत नसे.

पुढे काही वर्षांनी शिवणखोलीत एक व्याख्यात्या आल्या आणि त्यांनी कर्मचारी महिलांना फळ्यावर चित्र काढून काचेचं छत ही संकल्पना समजावून सांगितली. बायकांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. एकीनंही वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भोंगाला हसू आवरलं नसतं.

घरी त्या मंगळवारी नवऱ्यानं पुठ्ठा कपाटामागे ठेवला. ती म्हणाली, "अहो, टाकून द्या."

"राहू दे. पुठ्ठा काय जेवायला मागतो?"

चष्मेवाला वर गेला. जाताना तिच्या पाया पडायला वाकला तर तिनं कानाला धरून उभं केलं. "बाही बसवताना घाई करू नकोस," एवढंच म्हणाली.

रंगीत तालीम दुपारची होती. टाचणीताई विंगेत सुईदोरा घेऊन उभी, कुठे काही उसवलं तर म्हणून. नट चष्मेवाल्याचा कोट घालून आला. उभा होता तोवर कोट चित्रासारखा. मग तो चालला. डावी बाही मनगटावरून वर सरकली, कोटाची कड डावीकडे उचलली गेली, आणि त्या तिरप्या रेषेनं, भुईवर खडूनं काढावी तसं, त्याचं लंगडणं सगळ्यांसमोर काढून दाखवलं. दिग्दर्शक पुढच्या रांगेतून ओरडले, "अहो, चालताय कसे? काय झालंय पायाला?" नटाचा चेहरा रंगाखालीसुद्धा पांढरा पडलेला तिला दिसला.

"कोट तिरपा आहे," ती विंगेतून म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "पाय बरा आहे त्यांचा. कोट तिरपा आहे. दहा मिनिटं द्या."

ती जिन्यात पोचली तर चष्मेवाला समोरूनच येत होता, हातात तिचाच कोट. तळघरात टांगलेला तो घेऊन धावत आला होता. "ताई, मला आत्ता कळलं," तो धापा टाकत म्हणाला. "अर्धा इंच. मला आत्ता कळलं तो अर्धा इंच कशाला होता."

"कळलं ना? मग गप्प बस."

"माझ्या नावाची फीत लावू का यात?"

"वेळ नाही. तसाच जाऊ दे."

नटानं दुसरा कोट चढवला आणि चालला. मागच्या भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत. काळा कोट त्याच्याबरोबर लाटेसारखा हलला, कड पाण्याच्या पातळीसारखी सपाट. तो मधेच थांबला. मग पुन्हा चालला, या वेळी पावलं न मोजता, अगदी एकटा असल्यासारखा. डावा हात सैल सुटला होता. समोर बसलेल्यांना नुसता एक राजबिंडा माणूस दिसत होता. त्याचा संवाद त्यानं किती तरी हळू म्हटला, आणि तालमीला येऊन येऊन कंटाळलेले लोकसुद्धा पुढे सरकून बसले.

तालीम संपल्यावर तो मागच्या गल्लीतून, बायकांच्या जिन्यानं खाली आला. शिवणखोलीत मुख्य नट! भोंगानं घाईघाईनं पदर सारखा केला. तो टेबलापाशी आला आणि कोटाची कॉलर उलटी करून दाखवली.

"यात फीत नाही. कुणी कापला हा?"

टाचण्या निघाल्या. "मी."

"डावी बाही लांब आहे."

"हो."

"मापाच्या कागदावर तसं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

तिनं नुसतं वर बोट दाखवलं. त्यानं मान वर केली. वरून कुणीतरी चालत गेलं, टाचेचा खिळा लख्ख दिसला. तो बघतच राहिला. त्या व्हरांड्यात एकट्यानं घातलेल्या सगळ्या येरझारा त्याला आठवल्या असतील.

"परीक्षेत हाच कोट ठेवला होता?" त्यानं विचारलं. "आणि चूक धरली?"

"अर्धा इंच," भोंगाला राहवलं नाही. "बावीस वर्षं काम केलं आणि अर्ध्या इंचावर घालवली तिची खोली! आम्हाला तरी कुठे सांगितलं तिनं का ते!"

"सांगायचं ना," तो टाचणीताईला म्हणाला. त्याचा तो भरदार आवाज पार खाली आला होता. "एका शब्दाचं काम होतं."

"तो शब्द तुमचा होता," ती म्हणाली. "माझा असता तर सांगितला असता."

त्यानं उलटलेली कॉलर सरळ केली. मग तो ऑफिसच्या दर्शनी जिन्यानं, सगळ्यांच्या देखत, पावलं न मोजता वर गेला. अकरा बायकांनी माना वर केल्या. व्हरांडाभर त्याचे तळ उमटत गेले, उजवा पूर्ण, डावा अर्धा, उजवा पूर्ण, डावा अर्धा, थेट मॅनेजरच्या दारापर्यंत. तिथे ते बराच वेळ थांबले. आत काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. पण तो बाहेर आला तेव्हा मॅनेजरांचे करकरणारे जोडे त्याच्या शेजारी, त्याच्याच संथ गतीनं चालत होते.

हे सांगून टाकलेलं बरं की वरची खोली तिला मिळाली. त्या दिवशी नाही. मंडळाचा ठराव फिरवायला मंडळाला पावणेदोन वर्षं लागली, तेवढ्या काळात दोन बैठका कोरम नसल्यानं पडल्या. मग चार वर्षं ती त्या मोठ्या खिडकीत बसली, आणि निळं निळं दिसलं. नटाला त्यानंतरही नायकाची कामं मिळाली, काही मिळाली नाहीत. जी मिळाली ती त्यानं आपल्या चालीनं केली. त्या दिवशी मात्र यातलं काहीच ठरलं नव्हतं. त्या दिवशी मॅनेजरांनी तिला वर, मास्टरांच्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चष्मेवाला दाराशी उभा होता, चष्मा हातात घेऊन. मॅनेजर फार अवघडले होते. म्हणाले की निर्णय तर झालेला आहे, तो लगेच बदलता येत नाही, पण संस्था कृतज्ञ आहे, खाली दोन नवे पंखे लावता येतील, टेबलाजवळ चांगला दिवा देता येईल, तुम्ही नुसतं बोला, तुम्हाला काय हवं?

त्यावर ती पुष्कळ काही बोलली असं भोंगा आयुष्यभर सांगत राहिली, आणि दर वेळी भाषण थोडं लांबत गेलं. पण चहा घेऊन गेलेली बाई तिथेच होती. तिनं ऐकलं ते एवढंच. टाचणीताईनं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली:

"मला ही खोली हवी, साहेब. आणि ह्याला खाली पाठवा. रागानं नाही म्हणत, पोर गुणी आहे, पण त्याला अजून माणसं बघायची राहिलीत."